उरलेली बाटली आणि लाल रेघ: अँटिबायोटिकविषयी वाचकांचे प्रश्न

अँटिबायोटिकवर प्रश्न मागवले तेव्हा सर्दी-तापाचीच पत्रं येतील असं वाटलं होतं. सातारा-सांगलीकडच्या पत्रांतून मात्र गोठा, डाळिंबाची बाग आणि पोल्ट्रीही निघाली. ते बरंच झालं, कारण हे औषध माणसाचं आणि ते म्हशीचं असा भेद जंतूंना कळत नाही. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत. उत्तरांतले डोस समजण्यापुरते आहेत. आपल्या पेशंटचा डोस त्याला तपासणारे डॉक्टरच ठरवतील.

मुलगा चार वर्षांचा आहे. तीन दिवस सर्दी, खोकला, अंग कोमट. शेंबूड आता हिरवट-पिवळा झालाय. डॉक्टरांनी फक्त तापाचं औषध दिलं. मागच्या महिन्यातलं अँटिबायोटिकचं ड्राय सिरप फ्रिजमध्ये अर्धं शिल्लक आहे. ते सुरू करू का? (एक आई, कराड)

नको. महिन्यापूर्वी पाणी घालून ठेवलेल्या त्या बाटलीचा आता भरवसा नाही. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलॅनिक अ‍ॅसिडचं सिरप एकदा कालवलं की फ्रिजमध्येही सातच दिवस चालतं. त्यातलं क्लॅव्युलॅनिक अ‍ॅसिड आधी नासतं, म्हणजे अमॉक्सिसिलिनला दाद न देणाऱ्या जंतूंसाठी जो घटक घातलेला असतो तोच निघून जातो. बाटली टाकून द्या.

आता रंगाचं. शेंबडाला हिरवट छटा येते ती आपल्याच पांढऱ्या पेशींमुळे. त्या नाकात गोळा होतात आणि त्यांच्यातल्या एका एन्झाइमचा रंगच हिरवा असतो. साध्या व्हायरल सर्दीतही तिसऱ्या-चौथ्या दिवशी हे दिसतं, आणि व्हायरसवर अँटिबायोटिक चालत नाही. मुलांचा खोकला दहा-चौदा दिवस रेंगाळणं नेहमीचंच आहे. डॉक्टरांनी अँटिबायोटिक लिहिलं नाही म्हणून फी वाया गेली असं समजू नका. न लिहिण्यासाठी पेशंटला जास्त नीट तपासावं लागतं.

घरी लक्ष ठेवायचं ते श्वासावर. मूल शांत असताना किंवा झोपेत पोट-छातीची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, लहान मुलांचा श्वास एकसारखा नसतो. एक ते पाच वर्षांच्या मुलात मिनिटाला 40 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षाच्या बाळात 50 किंवा जास्त श्वास मोजले गेले, फासळ्यांखालची छाती आत ओढली जात असेल, मूल पाणीही पीत नसेल किंवा गुंगीत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. दहा दिवसांत सर्दीला उतारच नाही, किंवा उतरलेली सर्दी तापासह पुन्हा उसळली, तरीही परत दाखवा. तेव्हा अँटिबायोटिकची खरोखर गरज असू शकते.

आणि पुढे कधी ड्राय सिरप लिहून मिळालंच तर ते कालवण्यात फार चुका होतात. आधी बाटली हलवून तळाची पावडर मोकळी करा. उकळून पूर्ण गार केलेलं पाणी निम्म्यापर्यंत घाला आणि जोरात हलवा. फेस बसू द्या, मग बाणाच्या खुणेपर्यंत पाणी भरून पुन्हा हलवा. सगळं पाणी एकदम ओतलं की तळाला गोळा राहतो: पहिले डोस पाणचट, शेवटचे तिखट. गरम पाण्याने औषध खराब होतं, आणि खुणेच्या वर भरलं तर प्रत्येक डोस कमी पडतो. घरातला चहाचा चमचा वापरू नका. कुठल्यात अडीच मिली मावतं, कुठल्यात सात. सोबत आलेलं माप किंवा बिनसुईची सिरिंज घ्या, आणि प्रत्येक वेळी बाटली हलवूनच डोस काढा.

मेडिकलमध्ये 'घसा धरलाय' म्हटलं की अ‍ॅझिथ्रोमायसिन 500 च्या तीन गोळ्या मिळतात. रोज एक. दोन दिवसांत आराम पडतो. मग यात बिघडतं काय? (एक दुकानदार, तासगाव)

बहुतेक घसे व्हायरसने धरतात आणि दोन-चार दिवसांत आपोआप सुटतात. श्रेय गोळी घेऊन जाते.

अ‍ॅझिथ्रोमायसिन शरीरातून फार हळू उतरतं. त्याचं प्रमाण निम्मं व्हायलाच सुमारे 68 तास लागतात. गोळ्या तीनच असल्या तरी कमी कमी होत जाणारं औषध त्यानंतर बरेच दिवस अंगात राहतं, आणि आतड्यातले, घशातले निरुपद्रवी जंतू तेवढे दिवस त्याच्याशी झुंजत असतात. जे तग धरतात त्यांचीच पिलावळ वाढते. प्रतिकाराचे जनुक एका जातीचे जंतू दुसऱ्या जातीला देऊ शकतात, हा खरा घोर. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने अँटिबायोटिकचे तीन गट केलेत: पहिल्या फळीचा अ‍ॅक्सेस, जपून वापरायचा वॉच आणि राखीव रिझर्व्ह. अ‍ॅझिथ्रोमायसिन वॉचमध्ये आहे. आपल्याकडे ते लिमलेटच्या गोळीसारखं विकलं जातं.

स्ट्रेप्टोकोकस जंतूने घसा धरल्याची शंका कधी घ्यायची? ताप 38 अंश सेल्सिअसच्या वर, खोकला नाही, टॉन्सिलवर पांढरे ठिपके किंवा पू, आणि जबड्याखाली दुखऱ्या गाठी. या चारपैकी तीन-चार खुणा असतील तर डॉक्टरांना दाखवा. खोकला आणि नाक गळणं सोबत असेल तर बहुधा व्हायरसच. स्ट्रेप्टोकोकस निघाला तर आजही पहिलं औषध जुनं पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिनच, कारण या एका जंतूला पेनिसिलिनचा प्रतिकार अजून साधलेला नाही. अ‍ॅझिथ्रोमायसिनचा मात्र साधला आहे. शिवाय अ‍ॅझिथ्रोमायसिनने काहींच्या हृदयाचे ठोके बिघडू शकतात. हृदयविकाराच्या गोळ्या चालू असणाऱ्याने ते परस्पर घेणं धोक्याचं आहे.

काही पत्रांत कायद्याचंही विचारलंय: अशी गोळी चिठ्ठीशिवाय विकता येते का? पाकिटावर उभी लाल रेघ असेल तर ते औषध चिठ्ठीशिवाय विकायचं नाही. या रेघेची मोहीम केंद्राने 2016 मध्ये चालवली. अ‍ॅझिथ्रोमायसिन शेड्यूल एच मध्ये, म्हणजे चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीत येतं. सेफिक्झिम, लेव्होफ्लॉक्सॅसिन, मेरोपेनेम अशी 24 अँटिबायोटिक्स 1 मार्च 2014 पासून आणखी कडक अशा शेड्यूल एच 1 मध्ये आहेत. त्यांच्यासाठी दुकानदाराने डॉक्टरांचं नाव, पेशंटचं नाव, औषध आणि नग वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं असतं. पुढच्या वेळी सेफिक्झिम घेताना आपलं नाव लिहिलं जातंय का, ते बघा.

पाच दिवस ताप होता. रक्तात 'टायफॉईड निघाला', विडाल 1:160. औषध सुरू करून दोन दिवस झाले तरी ताप आहे, म्हणून घरचे डॉक्टर बदला म्हणतात. (एक वाचक, सातारा)

विडालमध्ये टायफॉईडचा जंतू दिसत नाही. जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्यं मोजली जातात, आणि ती साधारण दुसऱ्या आठवड्यात नीट वर येतात. पूर्वी कधी टायफॉईड होऊन गेला असेल, किंवा सध्याचा ताप मलेरियासारखा वेगळाच असेल, तरीही 1:160 दिसू शकतं. एकट्या विडालवर निदान करू नये. तपासणी 1896 सालची आहे. स्वस्त आहे म्हणून टिकली.

खरी तपासणी म्हणजे ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातला जंतू वाढवून ओळखणं. पहिल्या आठवड्यात, अँटिबायोटिकचा पहिला डोस पोटात जाण्याआधी, मोठ्या माणसाचं आठ-दहा मिली रक्त कल्चरच्या बाटलीत घालावं लागतं. दोन मिलीत भागवलं तर जंतू सापडत नाही, आणि मग 'कल्चर काही कामाचं नाही' असा बोल लागतो. योग्य रक्त घेऊनही काही टायफॉईड निसटतातच, पण सापडला तर कोणतं औषध लागू पडेल हेही कळतं. हे कळणं महत्त्वाचं, कारण सिप्रोफ्लॉक्सॅसिन आणि ऑफ्लॉक्सॅसिन भारतातल्या टायफॉईडवर आता भरवशाची राहिलेली नाहीत. हाताशी आहेत सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन. यातलं दुसरं टायफॉईडच्या डोसात द्यायचं: मोठ्या माणसाला रोज सुमारे एक ग्रॅम, सात दिवस. वरच्या प्रश्नातलं तीन गोळ्यांचं पाकीट टायफॉईडला अर्धवट दाबतं आणि कल्चर बिघडवतं.

ताप योग्य औषधावरही उतरायला चार ते सहा दिवस घेतो. दुसऱ्या दिवशी डॉक्टर आणि औषध दोन्ही बदलणं हा टायफॉईडच्या उपचारातला सर्वांत मोठा घोळ. तापाचा कागद ठेवा: दिवसातून चार वेळा, वेळेसह. कमाल ताप रोज थोडा थोडा खाली येत असेल तर थांबा. पोट फुगून दुखू लागलं, शौचावाटे रक्त गेलं, माणूस बरळू लागला, तर मात्र एक तासही थांबू नका.

आई 72 वर्षांची, मधुमेह आहे. नेहमीच्या तपासणीत लघवीचं कल्चर केलं. ई. कोलाय जंतू एक लाखाच्या वर, आणि रिपोर्टमध्ये औषधांपुढे रांगेने आर-आर-आर (लागू नाही). आईला काहीच त्रास नाही. मेरोपेनेमची इंजेक्शनं घ्यावी लागतील असं एकाने सांगितलं. (एक मुलगा, सांगली)

जळजळ नाही, वारंवार लागत नाही, ताप नाही, पोटात-कमरेत दुखत नाही, तर बहुधा एकही अँटिबायोटिक लागणार नाही. उतारवयात, विशेषतः स्त्रियांत, लघवीत जंतू असतात आणि काही करत नाहीत. मधुमेह असला तरी हेच लागू. लक्षणं नसताना उपचार करायचे ते गरोदर स्त्रीला, आणि मूत्रमार्गातून शस्त्रक्रिया होणार असेल तर. बाकी लोकांत औषध दिल्याने पुढचा आजार टळत नाही. पुढच्या वेळी अधिक हट्टी जंतू मात्र भेटतो. लक्षणं नसतील तर कल्चर करूच नये, म्हणजे हा पेचच पडत नाही.

नमुना कसा घेतला तेही विचारा. जागा पाण्याने धुऊन, पहिली धार सोडून, मधली धार निर्जंतुक डबीत घ्यायची. डबीच्या आत बोट लागू द्यायचं नाही. दोन तासांत लॅबमध्ये, नाहीतर फ्रिजमध्ये. अनुकूल वातावरणात ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो, म्हणजे दोन तासांत चौसष्टपट. एप्रिलच्या उन्हात एसटीतून पिशवीत आलेली डबी लाखाचा आकडा सहज दाखवेल. कॅथेटर (लघवीची नळी) असलेल्या पेशंटचा नमुना खाली लटकणाऱ्या पिशवीतून कधीच घेऊ नये.

रिपोर्ट वाचताना अजून एक चूक होते. एस म्हणजे औषध लागू, आर म्हणजे लागू नाही, हे खरं. पण शेजारचा एमआयसीचा (जंतूची वाढ रोखायला लागणाऱ्या किमान औषधाचा) आकडा ज्याचा सर्वांत लहान ते औषध सर्वांत जोरदार, असं नसतं. प्रत्येक औषधाची पट्टी वेगळी, एकाचा 0.5 आणि दुसऱ्याचा 16 यांची तुलना म्हणजे किलो आणि लिटरची तुलना. एस आलेल्यांपैकी सर्वांत साधं, अरुंद पल्ल्याचं (मोजक्याच जंतूंवर चालणारं) औषध निवडायचं असतं.

आईला पुढे खरोखर जळजळ सुरू झाली, ताप नसला, तर बहुतेक वेळा नायट्रोफ्युरँटॉइन (100 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, पाच दिवस) किंवा फॉस्फोमायसिनचा तीन ग्रॅमचा एकच डोस पुरतो, आणि इतर ठिकाणी आर-आर असताना ही दोन्ही बरेचदा एस निघतात. आधी क्रिएटिनिन बघा. किडनीचं काम फार कमी झालं असेल तर नायट्रोफ्युरँटॉइन लघवीत पुरेसं उतरतच नाही. थंडी वाजून ताप आणि कुशीत दुखणं असेल तर ही दोन्ही औषधं अपुरी, कारण ती किडनीत पुरेशी पोचत नाहीत. तेव्हा दवाखानाच.

'कोर्स पूर्ण करा' ऐकत मोठे झालो. आता म्हणतात लहान कोर्स चांगला. नक्की काय? (एक विद्यार्थिनी, मिरज)

दोन्ही. ठरवून दिलेला कोर्स पूर्ण करायचा, आणि ठरवणाऱ्याने तो गरजेपेक्षा लांब ठरवायचा नाही. सात आणि दहा हे आकडे बरेचसे सवयीने पडले. घरी उपचार होण्याजोगा मोठ्यांचा न्यूमोनिया तिसऱ्या दिवसापर्यंत उताराला लागला तर पाच दिवस पुरतात. त्वचेच्या साध्या संसर्गालाही पाच-सहा दिवस. स्ट्रेप्टोकोकसच्या घशाला मात्र दहा दिवस द्यायचे, कारण तिथे संधिवाताच्या तापापासून हृदयाच्या झडपा वाचवायच्या असतात. टीबीला सहा महिने, आणि त्यात एक दिवसही स्वतःच्या मनाने कमी नाही.

जास्तीचे दिवस का नकोत? ज्या जंतूवर नेम आहे तो तोवर बहुधा मेलेला असतो. पुढचा मारा आतड्यातल्या बाकीच्या जंतूंवर. एका कोर्सनंतर प्रतिरोधक जंतू अंगात जास्त सापडण्याची शक्यता पहिल्या महिन्यात सर्वाधिक असते आणि वर्षभर रेंगाळू शकते. चिठ्ठी घेताना 'किती दिवस, आणि लवकर बरं वाटलं तर काय करू' असं तिथेच विचारून घ्या.

गाईला दगडी (कासेचा संसर्ग) झाली. सडात ट्यूब सोडली, इंजेक्शनही झालं. दूध किती दिवस घालायचं नाही? उकळून घरी वापरलं तर? (एक दूध उत्पादक, फलटण)

ट्यूबच्या आणि इंजेक्शनच्या लेबलवर दूध न घालण्याचा काळ लिहिलेला असतो. दोन औषधं असतील तर ज्याचा काळ लांब तो धरा, आणि मोजायला सुरुवात शेवटच्या डोसापासून करा. लेबलवर काहीच नसेल तर नियमाप्रमाणे दुधाला आणि अंड्याला किमान सात दिवस, मांसाला 28 दिवस.

ट्यूब एकाच सडात सोडली तरी चारही सडांचं दूध बाजूला काढा; औषध रक्तातून बाकीच्या सडांत उतरतं. उकळण्याने त्यातलं बरंचसं औषध तसंच राहतं. खात्री हवी असेल तर विरजण लावून बघा असं जुनी माणसं सांगतात. त्यात तथ्य आहे: दह्याचे जंतू पेनिसिलिनच्या अगदी सूक्ष्म अंशानेही मरतात, म्हणून औषधाचं दूध विरजत नाही. पण दही लागलं म्हणजे दूध शुद्ध असंही नाही, कारण काही औषधांना ते जंतू जुमानत नाहीत. ते दूध वासराला पाजू नका, त्याच्या आतड्यात प्रतिरोधक जंतू पोसले जातात. विहिरीपासून लांब खड्ड्यात ओता. गाईच्या मागच्या पायाला लाल फडकं बांधा. धार काढणारा रोज तोच असतो असं नाही, आणि एका गाईचं दूध संकलन केंद्रावरची अख्खी टाकी नासवतं.

ट्यूब सोडण्याआधी सड पूर्ण पिळून रिकामा करा, टोक स्पिरिटच्या बोळ्याने पुसा, नळी अगदी थोडीच आत घाला. खोल घातली तर आतलं अस्तर दुखावतं आणि बाहेरची घाण आत जाते. दगडी पुन्हा पुन्हा होत असेल तर औषध बदलत बसण्याऐवजी दुधाचा नमुना कल्चरला पाठवा. धार काढल्यावर सड जंतुनाशकात बुडवा आणि गाईला लगेच वैरण टाका, म्हणजे ती अर्धा तास उभी राहील आणि सडाचं तोंड मिटेपर्यंत शेणात बसणार नाही.

पिल्लं आली की पहिले पाच दिवस पाण्यातून अँटिबायोटिक देतो, मर कमी होते. चालतं ना? (एक पोल्ट्रीवाला, विटा)

आजार नसताना, नाही. मर कमी करायचं काम ब्रूडरची ऊब, कोरडं लिटर (खाली पसरलेला भुसा) आणि स्वच्छ पाण्याची लाइन करते. औषध तिथल्या उणिवा झाकतं. पुडीवर कोलिस्टिन लिहिलेलं असेल तर तो थेट गुन्हा आहे. अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत आणि कोंबड्यांत कोलिस्टिनवर जुलै 2019 पासून बंदी आहे. आयसीयूमध्ये सगळी औषधं हरल्यावर जे शेवटचं उरतं, ते हे.

डाळिंबावर तेल्या आला की सगळे स्ट्रेप्टोसायक्लीन मारतात. ते माणसाचंच औषध आहे म्हणे? (एक बागायतदार, आटपाडी)

हो. नऊ भाग स्ट्रेप्टोमायसिन आणि एक भाग टेट्रासायक्लिन. टीबीवर निघालेलं पहिलं अँटिबायोटिक ते हेच स्ट्रेप्टोमायसिन. तेल्या बॅक्टेरियामुळे येतो, त्यामुळे औषध लागू पडतं हे खरं; पण दर फवारणीत टाकत गेलं की बागेतला जंतूच सरावतो आणि पुढच्या हंगामात पुडी दुप्पट करावी लागते. शेतीतून हे मिश्रण हद्दपार करण्याचा मसुदा केंद्राने डिसेंबर 2021 मध्ये काढला होता.

तेल्या मुख्यतः स्वच्छतेने आटोक्यात राहतो. रोगट पानं, फळं, काड्या बागेबाहेर नेऊन जाळा. बांधावर टाकल्या तर पावसाच्या शिंतोड्यांनी जंतू परत झाडावर. छाटणीची कात्री प्रत्येक झाडानंतर जंतुनाशकात बुडवा. बागेला बहरानंतर पुरती विश्रांती द्या. छाटणीनंतर एक टक्का बोर्डो मिश्रण फवारा: मोरचूद एक किलो, चुना एक किलो, पाणी शंभर लिटर. दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या भांड्यांत विरघळवा आणि मोरचूद चुन्यात ओता, उलटं नको. घासलेला लोखंडी खिळा बुडवून बघा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, थोडा वाढवा. नाहीतर पानं करपतात. केलेलं मिश्रण त्याच दिवशी संपवा.

पुराच्या वेळी डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या वाटतात. घरात बऱ्याच पडून आहेत. दर पावसाळ्यात घेत राहू का? (एक वाचक, भिलवडी)

पाऊस पडला म्हणून नाही. या गोळ्या लेप्टोसाठी (लेप्टोस्पायरोसिस या तापासाठी) आहेत, आणि लेप्टोचा जंतू उंदरांच्या, जनावरांच्या मुतातून साचलेल्या पाण्यात उतरतो. 2019 किंवा 2021 सारख्या पुरात चिखल-पाण्यात उतरावं लागलं, पायाला जखम असली, तर आरोग्य खातं ठरवेल त्या काळापुरती मोठ्या माणसाला 200 मिलिग्रॅम आठवड्यातून एकदा देतात. आठ वर्षांखालची मुलं आणि गरोदर स्त्रियांना ही गोळी देत नाहीत. पूर्ण ग्लासभर पाण्याबरोबर घ्या आणि अर्धा तास आडवं होऊ नका. अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होते. दूध, लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतली तर अंगी लागत नाही. कॉलरा किंवा डेंग्यू तिने टळत नाही, आणि गमबुटाची जागाही ती घेत नाही.

पाण्यात उतरल्यापासून महिन्याच्या आत ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले, तर गोळी घेतली असली तरी दाखवा, आणि पुराच्या पाण्यात होतो हे आपण होऊन सांगा.

सिझेरियननंतर पाच-सात दिवस अँटिबायोटिक देण्याची पद्धत आहे. त्याची गरज असते का? (एक परिचारिका, मिरज)

साध्या, स्वच्छ सिझेरियनला बहुतेक वेळा एकच डोस: सेफाझोलिन दोन ग्रॅम, शिरेतून, चिरेच्या आधीच्या तासाभरात. चीर दिली जाते त्या क्षणी औषध त्या पेशींत हजर असायला हवं. टाके घातल्यावर दिलेलं औषध तिथे उशिरा पोचतं. शस्त्रक्रिया चार तासांवर गेली किंवा दीड लिटरहून जास्त रक्त गेलं तर डोस पुन्हा. त्यापुढे टाक्यांसाठी किंवा ड्रेन आहे म्हणून लांबवण्याने जखमेचा संसर्ग कमी होत नाही. आधीच ताप असेल, पाणमोट फुटून गर्भाशयात संसर्ग झाला असेल, तर तो उपचार वेगळा. वॉर्डात आपल्या हातात असलेल्या गोष्टी: केस वस्तऱ्याने न काढता गरज असल्यास क्लिपरने काढणं, साखर आटोक्यात, पेशंट गार पडू न देणं, आणि चार्टवर डोसाची व चिरेची वेळ दोन्ही लिहिणं.

तीन आठवडे खोकला आहे. लेव्होफ्लॉक्सॅसिनने पाच दिवस बरं वाटलं, परत सुरू. (एक वाचक, दहिवडी)

हीच टीबीची फसवी चाल. लेव्होफ्लॉक्सॅसिन टीबीच्या जंतूलाही थोडं दाबतं. खोकला कमी होतो, थुंकीत जंतू सापडत नाही आणि निदान आठवडे लांबतं. दोन आठवड्यांवरच्या खोकल्याला आधी थुंकीची सीबीनॅट किंवा ट्रूनॅट (टीबीचा जंतू शोधणारी तपासणी), मग औषध. सरकारी केंद्रात ही तपासणी आणि उपचार मोफत आहेत, आणि टीबीच्या पेशंटला निक्षय पोषण योजनेतून नोव्हेंबर 2024 पासून महिन्याला 1000 रुपये मिळतात.

हळदीच्या दुधाने जंतू मरत नाहीत का? (एक आजी, सांगली)

हळदीच्या पेठेतून हा प्रश्न यायचाच. प्रयोगशाळेतल्या बशीत हळदीने जंतू रोखलेले दिसतात, पण पोटातून रक्तात ती फारच थोडी जाते. व्हायरल सर्दीत गरम दूध घशाला बरं वाटतं. नातवंडाला जरूर द्या. न्यूमोनियात तेवढ्यावर थांबू नका.

घरात उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्यांचं काय करायचं? (अनेक वाचक)

संडासात किंवा ओढ्यात टाकू नका. मैलापाण्यात जंतू दाटीने असतात आणि तिथे त्यांना औषधाची ओळख करून देण्यासारखं वाईट काही नाही. गोळ्या स्ट्रिपमधून काढा, ओल्या चहापत्तीत किंवा मातीत कालवा, पिशवी घट्ट बांधून घंटागाडीत द्या. सिरपच्या बाटलीचं लेबल खरवडा.

उरू नयेत म्हणून मोजून घ्या. पाच दिवस दोन वेळा म्हणजे दहा. दुकानदार पंधराची स्ट्रिप पुढे करेल, कापून मागा. कापताना बॅच नंबर आणि मुदतीची तारीख ज्या टोकाला असते ते टोक दुसऱ्याकडे जातं, म्हणून कापण्याआधी स्ट्रिपच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढा. अंगावर पुरळ उठली तर दवाखान्यात पहिला प्रश्न गोळीच्या नावाचाच असतो.